बोंडअळीपासून रानपिंगळ्यापर्यंत: इकॉलॉजी शिकायची म्हणजे काय शिकायचं?

गेल्या दिवाळीत चोपडा तालुक्यातल्या एका स्नेह्यांकडे फराळाला गेलो होतो. त्यांची मुलगी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे 'इकॉलॉजी आणि उत्क्रांती' या विषयात एम.एस्सी. आणि जमलं तर पीएच.डी. करणार, असं तिनं घरात सांगून टाकलेलं. वडील मला म्हणाले, "भाऊ, तुम्ही त्याच शिक्षणातून गेलात ना? मग सांगा, त्यात शिकवतात काय? झाडं लावायची का?" ओट्यावर बसलेल्या आजींचा प्रश्न त्याहून नेमका होता. "मंग नोकरी कोठे लागी?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्या दिवशी फराळाच्या ताटावर जे बोललो ते घाईत बोललो. तेच इथे सावकाश मांडतो, कारण जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कितीतरी घरांत हे प्रश्न आज ना उद्या विचारले जाणार आहेत.

आधी एक गल्लत दूर करू. इकॉलॉजी म्हणजे पर्यावरण-जागृती नव्हे. प्रदूषण मोजणं, सांडपाण्यावर प्रक्रिया, पर्यावरणाचे कायदे हे पर्यावरणशास्त्राचं क्षेत्र. इकॉलॉजी हे मुळात जीवशास्त्र आहे. कोणता जीव कुठे राहतो, किती संख्येनं राहतो, तिथेच का राहतो, त्याला कोण खातं, तो कुणाला खातो, हे तिचे प्रश्न. उत्क्रांतीचा अभ्यास विचारतो की पिढ्यांमागून पिढ्या जाताना त्या जीवात काय बदललं आणि का बदललं. हे दोन विषय एकत्र शिकवतात, कारण ते एकमेकांपासून सोडवताच येत नाहीत. आज वावरात कोण जगलं आणि कोण मेलं ही इकॉलॉजी. जे जगले त्यांचीच पोरं पुढच्या हंगामात वावरात दिसणार, ही उत्क्रांती.

वडिलांना हे वाक्य पटलं नाही. म्हणून आम्ही उठलो आणि घरामागच्या कापसात गेलो.

एक हिरवं, टणक, वरून निर्दोष दिसणारं बोंड तोडून मी अंगठ्यानं फोडलं. आत ओली, पांढरी रुई आणि एका कप्प्यात पिवळसर डाग. डागामागची कोवळी सरकी नखानं उकलली तर तिच्यात करंगळीच्या नखाएवढी गुलाबी अळी. बाहेरून भोक दिसत नाही, कारण अळी अगदी लहान असताना आत शिरते आणि बोंड वाढता वाढता ते भोक बुजून जातं. वडिलांनी बघताक्षणी ओळखली. २०१७ मध्ये राज्यभराच्या कापसावर गुलाबी बोंडअळीनं जो घाला घातला, तो त्यांच्या चांगला लक्षात होता. ते म्हणाले, "बीटी आली तेव्हा हिचं नाव नव्हतं. आता अळी सरावली."

सरावली. हा शब्द मी गावोगाव ऐकला आहे आणि या शिक्षणाचा पाया याच शब्दापाशी घातला जातो.

एकही अळी सरावत नाही. माणूस तिखटाला सरावतो तशी अळी विषाला सरावत नसते. बीटी म्हणजे एका जिवाणूचं अळीमारक विष तयार करणारं जनुक घातलेला कापूस. त्याचं पान किंवा सरकी खाल्ली की साधी अळी मरते, संपलं. पण लाखो अळ्यांमध्ये एखादी जन्मतःच अशी असते की तिच्या शरीरातल्या एका जनुकाची ठेवण वेगळी असल्यानं ते विष तिला बाधत नाही. बीटी येण्याआधीही अशी अळी असणारच, फक्त तिला त्याचा काही फायदा नव्हता. विष आल्यावर बाकीच्या मेल्या आणि ती उरली. बदलली ती अळी नव्हे, अळ्यांची लोकसंख्या बदलली. हा फरक वाक्यात छोटा दिसतो, पण तो डोक्यात पक्का बसायला विद्यार्थ्यांना अख्खं सत्र लागतं. मलाही लागलं होतं.

आता थोडं गणित करू. घाबरू नका, शाळेतल्या गुणाकाराच्या पलीकडचं काही नाही. प्रत्येक अळीत या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. समजा, विषाला दाद न देणारी प्रत हजारात एक आढळते. मग दोन्ही प्रती तशाच असलेली अळी किती? हजारात एक गुणिले हजारात एक, म्हणजे दहा लाखांत एक. आणि एकच प्रत असलेली? हजारात सुमारे दोन. एका प्रतीवर अळी सहसा तगत नाही, विष पुरेसं कडक असेल तर मरते. हा हिशेब १९०८ मध्ये इंग्लंडमधल्या हार्डी या गणितज्ञानं आणि जर्मनीतल्या वाइनबर्ग या डॉक्टरनं स्वतंत्रपणे मांडला. लोकसंख्या जनुकशास्त्राच्या तासाला पहिल्या आठवड्यात फळ्यावर येतो तो हाच.

या हिशेबावरच ती बिगर-बीटी बियाण्याची छोटी पुडी उभी होती. बीटीच्या पाकिटासोबत ती मिळायची आणि शेताच्या कडेनं लावा, पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र, असं सांगितलं जायचं. कल्पना अशी की त्या कडेच्या ओळींत साध्या अळ्या सुखानं वाढतील आणि त्यांचे हजारो पतंग होतील. मधल्या बीटीतून दहा लाखांत एक असा जो पतंग बाहेर पडेल, त्याला जोडीदार म्हणून हे साधेच पतंग भेटतील. त्यांच्या पोरांत दाद न देणारी प्रत एकच असेल आणि ती पोरं बीटीवर मरतील. कडेच्या ओळी नसतील तर वाचलेल्याला वाचलेलाच भेटतो, सगळी पोरं दोन प्रतींची होतात आणि काही हंगामांत वावर त्यांचंच होऊन जातं.

"हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही," वडील म्हणाले. "आम्हाला वाटायचं, पुडी फुकट मिळते म्हणजे दुय्यम बियाणं असेल. फेकून द्यायचो." मला यात त्यांचा दोष वाटत नाही. ज्या शेतकऱ्यानं स्वतःच्या जमिनीचा पाचवा हिस्सा अळ्यांना सोडायचा, त्याला कारण समजण्याचा पहिला हक्क होता.

भारतात बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली. दोन जनुकांचं वाण २००६ मध्ये आलं. २०१० मध्ये गुजरातेतली गुलाबी अळी पहिल्या विषाला दाद देत नसल्याचं जाहीर झालं आणि त्यानंतर काही वर्षांत दुसरंही विष निकामी ठरलं. मग हिरवी अळी, जिला आपण अमेरिकन बोंडअळी म्हणतो, ती इतक्या वेगानं का निसटली नाही? इथे इकॉलॉजी आत येते. हिरवी अळी तुरीवर जगते, हरभऱ्यावर जगते, टोमॅटोवर जगते. म्हणजे शेजारच्या तुरीच्या ओळी तिच्यासाठी, कडेच्या बिगर-बीटी ओळींसारख्याच, आपोआप आश्रयाच्या ओळी झाल्या आणि साधे पतंग तयार होत राहिले. गुलाबी अळीचं पोट जवळजवळ फक्त कापसावर. त्यात आपल्याकडे ठिबकवर मे महिन्यातच लावलेला पूर्वहंगामी कापूस आणि दुसऱ्या टोकाला फरदड, म्हणजे वेचणीनंतरही न उपटता राखलेला कापूस. तिला वर्षातले बहुतेक महिने ताट वाढलेलंच. उरलेला काळ ती सरकीत आणि पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांत, सुप्तावस्थेत काढते. शिवाय आपण लावतो ते संकरित वाण. त्याच्या बोंडातल्या सगळ्या सरक्यांत विषाचं जनुक सारखं उतरत नाही. एकाच बोंडात काही सरक्या विषारी तर काही बिनविषारी, आणि गुलाबी अळी नेमकी सरकीच खाते.

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात १९९६ पासून बीटी होता. तिथे आश्रयाच्या ओळी पाळल्या गेल्या, पुढे नापीक केलेले पतंग मोठ्या संख्येनं सोडले, आणि २०१८ मध्ये गुलाबी अळी देशातून हद्दपार झाल्याचं तिथल्या कृषी खात्यानं जाहीर केलं. कीड तीच, विषाची जातही तीच, पण शेवट वेगळा.

आता वडिलांच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. शिकवतात काय? त्या एका बोंडात निम्मा अभ्यासक्रम बसलेला आहे. दाद न देणारी प्रत किती वेगानं पसरेल, हे लोकसंख्या जनुकशास्त्र. एका हंगामात पतंगांची संख्या कशी चढते आणि कशी कोसळते, हे लोकसंख्या इकॉलॉजी. अळीवर जगणारे परजीवी, कोळी, पक्षी आणि त्यांच्यातली ओढाताण, हे समुदाय इकॉलॉजी. मादीच्या गंधावर नर कसा येतो, हे प्राणिवर्तन. आपण लावतो ते कामगंध सापळे त्याच वर्तनाचा उपयोग करतात. गुजरातची अळी आणि खान्देशची अळी एकाच ठिकाणाहून पसरली की दोन्हीकडे दाद न देण्याचा गुण वेगवेगळा उपजला, हे डीएनएवरून वंशवृक्ष काढायचं शास्त्र. यांतला प्रत्येक विषय एम.एस्सी.त एक पेपर म्हणून किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी एक कोर्स म्हणून येतो.

वंशवृक्षाचा विषय खान्देशच्या पोरांनी विशेष मन लावून शिकावा असं मला वाटतं, कारण आपल्या डोक्यावरचा सातपुडा त्या विषयातलं एक जुनं कोडं आहे. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञांनी १९४०च्या दशकात मांडलं की पूर्व हिमालयाच्या बाजूचे, वेगवान ओढ्यांत राहणारे मासे विंध्य-सातपुड्याच्या रांगेवरून पश्चिम घाटात पोचले असावेत. तेव्हा हाती मासे आणि नकाशे एवढंच होतं. आज हाच प्रश्न डीएनएनं तपासतात, आणि सगळ्या जीवांचं उत्तर एकसारखं येत नाही.

केळीचंही एक उदाहरण देतो आणि पुढे जातो. रावेर-यावल पट्ट्यातली ग्रँड नैन जातीची बाग म्हणजे हजारो झाडं नव्हेत, एकाच झाडाच्या हजारो प्रती आहेत. टिश्यू कल्चरचं रोप असो की कंद, त्यात बी नाही, आई-बापाच्या गुणांची सरमिसळ नाही. म्हणून एका झाडाला जो रोग भारी पडतो, तो बागेतल्या प्रत्येक झाडाला भारी पडतो. जगभर विकली जाणारी ग्रॉस मिशेल ही जात पनामा मर रोगानं १९५०-६०च्या दशकांत व्यापारातून उठली ती यामुळेच. लैंगिक प्रजनन इतकं खर्चिक असूनही निसर्गात का टिकून आहे, या प्रश्नावर वर्गात आठवडाभर चर्चा चालते. आपल्या पोरांनी तिथे बागेचं उदाहरण द्यावं.

आता या सगळ्या शिक्षणातला जो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, त्याकडे येतो. तो म्हणजे संख्याशास्त्र. प्राण्यांच्या ओढीनं आलेला विद्यार्थी याच पेपरला सर्वांत जास्त बिचकतो.

माझ्या पहिल्या प्रकल्पाची गोष्ट सांगतो. केळीच्या बागेत पक्षी जास्त असतात की कापसात, हे मला पाहायचं होतं. एक बाग आणि एक कापसाचं वावर धरलं आणि दोन महिने रोज पहाटे उठून पक्षी मोजले. साठ सकाळी. वही गच्च भरली. बागेत पक्षी दुपटीहून जास्त निघाले. माझ्या मार्गदर्शक बाईंनी वही शांतपणे चाळली आणि एकच विचारलं, "बागा किती?" मी म्हटलं, "एक." "आणि वावरं?" "एक." त्या म्हणाल्या, "मग तुला या बागेबद्दल पुष्कळ माहिती आहे. केळीबद्दल काहीच नाही."

खरंच होतं. ती बाग पाटाच्या कडेला होती. पक्षी केळीसाठी येत होते की पाण्यासाठी, हे साठ काय, सहाशे सकाळी मोजूनही कळलं नसतं. दहा बागा आणि दहा वावरं घेऊन प्रत्येकी सहा सकाळी मोजलं असतं तर मोजण्या तेवढ्याच झाल्या असत्या, पण उत्तर मिळालं असतं. बोंडांचंही तसंच. एका वावरातली दोनशे बोंडं फोडली म्हणून नमुने दोनशे होत नाहीत, वावर एकच राहतं. या चुकीवर १९८४ मध्ये हर्लबर्ट या अमेरिकी इकॉलॉजिस्टनं एक निबंध लिहिला. छापलेल्या कित्येक प्रयोगांत हीच चूक आहे हे त्यानं उदाहरणांसकट दाखवलं. तो निबंध आजही जगभरच्या विद्यार्थ्यांना वाचायला लावतात.

दुसरी गोष्ट, न दिसणं म्हणजे नसणं नव्हे. यावलच्या जंगलात तीस ठिकाणी जाऊन एखाद्या पक्ष्याचा आवाज ऐकायचा प्रयत्न केला आणि सहा ठिकाणी ऐकू आला, तर उरलेल्या चोवीस ठिकाणी तो नाही असं म्हणता येत नाही. त्या सकाळी तो गप्प असेल. पक्षी असताना एका फेरीत ऐकू येण्याची शक्यता निम्मी धरली, तर चार फेऱ्यांत चारही वेळा हुकण्याची शक्यता सोळात एक. म्हणून एकेका जागी पुन्हा पुन्हा जायचं आणि गेल्याची प्रत्येक नोंद ठेवायची, रिकाम्या हातानं परतल्याचीसुद्धा. या हिशेबासाठी 'आर' नावाची संगणकभाषा सगळीकडे वापरतात. ती फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालते आणि कॉलेजात असतानाच शिकता येते.

रानपिंगळ्याची गोष्ट सांगितल्याशिवाय खान्देशात हा विषय पुरा होऊच शकत नाही. आपल्या गावाच्या वडावर बसतो तो साधा पिंगळा, डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा. रानपिंगळा त्याचा जंगलातला भाऊबंद. डोकं आणि पाठ जवळजवळ बिनठिपक्यांची, पंखांवर आणि शेपटीवर ठळक पट्टे, पंजे दणकट, आणि घुबडाच्या जातीचा असून दिवसाढवळ्या वावरणारा. ह्यूम या इंग्रज अधिकाऱ्यानं १८७३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. डेव्हिडसन नावाच्या दुसऱ्या अधिकाऱ्यानं १८८०च्या दशकात खान्देशातून त्याचे नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र त्याची खात्रीची नोंदच नाही. पक्षी नामशेष झाला असं पुष्कळांनी धरून चाललं.

एक नोंद मात्र नंतरची होती. माइनर्टझहागेन या नामांकित ब्रिटिश संग्राहकाच्या संग्रहात १९१४ चं, गुजरातेतल्या मांडवीचं लेबल लावलेला एक रानपिंगळा होता. पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षीशास्त्रज्ञांनी तो नमुना बारकाईनं तपासला. कातडं कसं भरलंय, टाके कुठे आहेत, क्ष-किरणांत आत काय दिसतं. प्रत्येक संग्राहकाची पेंढा भरायची स्वतःची पद्धत असते, आणि ही पद्धत डेव्हिडसनची होती. तो नमुना डेव्हिडसनचा चोरून, नवं लेबल लावून ठेवलेला निघाला. ती खोटी नोंद बाजूला काढली आणि जुन्या खऱ्या नोंदींच्या जागा धुंडाळायच्या ठरल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, रानपिंगळा जिवंत दिसला. ११३ वर्षांनी. तेव्हा तो भाग धुळे जिल्ह्यात होता, नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी झाला.

पुढे तोरणमाळ, मेळघाट, तानसा अशा जागी तो सापडत गेला. त्याचं पिंगळ्यांच्या कुळातलं नेमकं स्थान कोणतं, हा ह्यूमच्या काळापासूनचा वाद २०१८ मध्ये भारतातल्या संशोधकांनी डीएनएवरून सोडवला. तो साध्या पिंगळ्याच्याच गोतातला ठरला.

ही कथा मी नव्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, आणि नोंदवहीचा तास तिच्यानंतर घेतो. वहीत 'रानपिंगळा दिसला' एवढंच लिहायचं नाही. 'सकाळी ८.१०, सागाच्या उघड्या फांदीवर, जमिनीपासून अंदाजे चार मीटर, डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, छातीवर तपकिरी पट्टा' असं लिहायचं, आणि 'रानपिंगळा असावा' हे वेगळ्या रकान्यात. काय पाहिलं आणि त्यावरून काय ठरवलं, हे दोन्ही कधी मिसळायचं नाही. सव्वाशे वर्षांनी कुणीतरी तुमचं लेबल वाचणार आहे. सोबत आलेल्या पावरा किंवा भिल्ल दादांनी पक्षी आधी ओळखला असेल, तर वहीतही आणि पुढे प्रबंधातही त्यांचं नाव घालायचं. हे सौजन्य म्हणून नव्हे. निरीक्षण कुणाचं, हाही नोंदीचाच भाग आहे.

आता व्यवहाराचं. आपल्याकडे पीएच.डी.साठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे नियम आहेत. किमान १२ क्रेडिटचा कोर्सवर्क आणि त्यात संशोधनाच्या नीतिमत्तेचा पेपर सक्तीचा. मुदत किमान तीन, कमाल सहा वर्षं. अमेरिकेतल्या विद्यापीठांत एम.एस्सी. नसतानाही थेट पीएच.डी.ला घेतात. पाच-सहा वर्षं लागतात. पहिलं वर्ष-दीड वर्ष कोर्स, मग चार-पाच प्राध्यापकांच्या समितीसमोर पात्रता परीक्षा, मग संशोधन. पदवीच्या मुलांना शिकवायचं काम देतात आणि त्याबदल्यात फी माफ, वर दरमहा विद्यावेतन. अर्ज करण्याआधी ज्यांच्याकडे काम करायचं त्यांना स्वतः ईमेल लिहावा लागतो. 'मला प्राण्यांची आवड आहे' या वाक्यानं तिथे दार उघडत नाही. 'पूर्वहंगामी कापसामुळे गुलाबी अळीच्या पिढ्या वाढतात का, हे मला तपासायचंय' असं लिहिलं तर उत्तर येण्याची आशा धरावी.

दोन्हीकडे एक गोष्ट समान असते, आठवड्यातून एकदा शोधनिबंध वाचून त्यावर बसायचं. एकानं मांडायचा, बाकीच्यांनी त्यातल्या उणिवा शोधायच्या. आपल्या पोरांना गणितापेक्षाही हे जड जातं. लहानपणापासून 'सरांना उलट बोलू नये' हे अंगात भिनलेलं. माणसाचा मान ठेवून त्याच्या म्हणण्यावर प्रश्न विचारता येतो, हे तिथे हळूहळू उमगतं. माझं पहिलं अख्खं सत्र गप्प बसण्यात गेलं, त्याची आजही हळहळ वाटते.

कुठे शिकायचं? बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत माधव गाडगीळांनी १९८३ मध्ये उभं केलेलं पारिस्थितिकी विज्ञान केंद्र आहे. बंगळुरूच्याच एनसीबीएस (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र) या संस्थेची वन्यजीव जीवशास्त्र आणि संवर्धन या विषयातली एम.एस्सी. आहे, पण तिची तुकडी फार लहान असते आणि दरवर्षी प्रवेश नसतो. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, पुण्याची आयसर, बंगळुरूची एट्री, पाँडिचेरी विद्यापीठाचा इकॉलॉजी विभाग. आणि घरापासून तासाभरावर, जळगावला, कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात जीवशास्त्राची आणि पर्यावरणशास्त्राची प्रशाळा आहे. घरच्या अडचणीमुळे बाहेर जाता येत नसेल तर तिथे एम.एस्सी. करून पीएच.डी.ला बाहेर पडणं हाही चांगला रस्ता आहे. परीक्षा म्हणाल तर एम.एस्सी.साठी जॅम, पुढे नेट, गेटमधला 'इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन' हा पेपर आणि एनसीबीएससारख्या संस्थांसाठी जेजीबिल्स. नेटच्या जीवशास्त्राच्या अभ्यासक्रमात तेरा घटक आहेत. त्यांतले दहावा आणि अकरावा आपले.

पैशांचं स्पष्ट बोललं पाहिजे. नेट-जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) मिळाली तर जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये, नंतर एसआरएफ (वरिष्ठ) झाल्यावर ४२,०००. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठीची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती हे आणखी आधार. शहादा-तळोद्याच्या पोरांनी ही शेवटची विशेष लक्षात ठेवावी. एम.एस्सी.च्या दोन वर्षांना मात्र सहसा घरूनच आधार लागतो.

आणि आजींचा प्रश्न. कायमच्या प्राध्यापकाच्या जागा कमी आहेत, तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं काढणारे पीएच.डी.धारक आपण आसपास पाहतोच. ते झाकून कुणाला या वाटेवर ढकलू नये. पण वाट एवढीच नाही. वनसेवेच्या परीक्षा आहेत. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेसारख्या ठिकाणचे प्रकल्प आहेत. वन्यजीवांवर काम करणाऱ्या संस्था आहेत, आणि मुक्ताईनगरकडे केळीच्या बागांत वाघ वावरतो म्हटल्यावर जंगल आणि शेत दोन्ही कळणाऱ्या माणसाची गरज आपल्या दारातच आहे. शिवाय ज्याला संख्याशास्त्र आणि संगणकावर विदा (डेटा) हाताळणं खरोखर येतं, त्याला साथरोगांपासून पीकविम्यापर्यंत कुठेही काम मिळू शकतं. आजींना मी एवढंच म्हणालो की लागेल, पण उशिरा लागेल, आणि तोवर घरानं तिला घाई करू नये.

निघताना मुलीला एक काम देऊन आलो. गावाच्या शिवारातली पंधरा वावरं निवड. निवडताना स्वतःच्या मनानं नको, सगळ्या वावरांच्या चिठ्ठ्या टाकून निवड. प्रत्येकात वीस बोंडं फोड, आणि लागवडीची तारीख, वाण, पाण्याची सोय सगळं लिही.

डिसेंबरात तिचा फोन आला. "काका, पाटाजवळच्या वावरांत अळ्या जास्त आहेत. पण ती सगळी मे महिन्यात लावलेली आहेत. मग अळ्या पाण्यामुळे जास्त की लवकर लावल्यामुळे, हे मी कसं ठरवू?" मी तिला विचारलं, पाटाजवळ जूनमध्ये पेरलेलं एखादं वावर सापडेल का? आणि कोरडवाहू भागात कुणी टँकरच्या पाण्यावर मे महिन्यात लावलेलं? ती म्हणाली, बघते. परवा वडिलांचा फोन होता. दोघं बापलेक मोटारसायकलवर शिवार पालथं घालतायत, तशी तीन वावरं सापडली, आणखी तीन तरी हवीत म्हणे.